भिंगोबाच्या घड्याळांना दिलेला उजाळा

माझ्या दादाला अख्खी गल्ली भिंगोबा म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला माहीत होतं. एकदा एक नवं गिऱ्हाईक दुकानाच्या दारात उभं राहून त्यालाच विचारतंय, “भिंगोबा आहेत का हो?” तर हा म्हणतो, “आहेत, पण डोळ्यात अडकलेत. थांबा, काढून देतो.” घड्याळं दुरुस्त करताना लावायचं ते काळं भिंग उजव्या डोळ्याच्या खोबणीत इतकं घट्ट बसलेलं असायचं की घरी जेवायला आला तरी काढायचं भान नसायचं. वहिनी म्हणायची, “अहो, भाजीत काय सोनं शोधताय? मीठ कमी पडलंय, तेवढं सापडेल.”

तू त्याला पाहिलं नाहीस. तुझ्या आईचा मामा, माझा सख्खा थोरला भाऊ. आपल्या माऊमावशीचा बाप. आता लिहायला बसलीच आहेस तर नीट लिही. मी मध्येच थांबले तर थांब, घाई करू नकोस. हे सांगताना मला थांबावं लागतं.

दुकान कसलं, जिन्याखालची खोली. वरचे भाडेकरू जिना चढायला लागले की खाली धूळ गळायची, म्हणून यानं डोक्यावर चादर ताणून बांधलेली. टेबलाच्या कडेला एक फडकं खिळ्यांनी ठोकलेलं आणि त्याची दुसरी बाजू हा कमरेला खोचायचा, झोळीसारखी. का, तर हातातून स्क्रू निसटला तर झोळीत पडावा. घड्याळातला स्क्रू बघितलायस का कधी? त्याच्यापुढे साखरेचा दाणा म्हणजे धोंडा. जमिनीवर पडला की गेलाच. त्यामुळे कुणी कितीही घाईनं हाक मारली तरी हा टुणकन उठायचा नाही. आधी झोळी चाचपायची, मग सोडवायची, मग उठायचं. वहिनी म्हणायची, घराला आग लागली तरी हे आधी झोळी चाचपतील.

दुरुस्ती हे त्याचं पोटापाण्याचं. पण जीव कशात, तर सोन्याच्या जुन्या घड्याळांत. हातावरची हं. भिंतीवरची नाही, खिशात साखळीला लावायची नाही. हातावरची, जुनी, सोन्याची. कुठं जुनं सामान विकायला निघालं, कुणाच्या घरातलं म्हातारं माणूस गेलं, भंगारवाल्याकडं काही आलं, की हा तिथं हजर. स्वतःच्या अंगावर कोट म्हणशील तर आमच्या वडिलांचा, कोपरांना ठिगळं लावलेला. जे काय हाताशी यायचं ते घड्याळात जायचं. आणि कुणाला दाखवून मिरवायचं? तेही नाही. कपाटात एक लांबट खण होता, त्यात स्वतःच्या जुन्या शर्टांचे मऊ तुकडे अंथरून त्यावर ती निजवलेली. रोज एकेक बाहेर काढायचं, चावी द्यायची, कानाला लावून ऐकायचं, परत ठेवायचं. वहिनी मला म्हणायची, “वन्सं, लोकांना एक सवत असते. माझ्या बघा, खणभर आहेत, आणि सगळ्या सोन्यानं मढलेल्या. मी मात्र लंकेची पार्वती.” आणि मग स्वतःच हसायची. चांगली होती गं ती. लवकर गेली. माऊ तेव्हा शाळेत जात होती.

घड्याळ ओळखायची त्याची एक रीत होती. हातात आलं की आधी बघायचाच नाही. डोळे मिटायचे आणि तळहातावर ठेवून नुसतं तोलायचं. मग नाकाशी न्यायचं. पितळेला वास असतो, सोन्याला नसतो. मग अंगठ्यानं कडा चाचपायच्या. पट्टा अडकवायला घड्याळाला जे कान असतात ना, त्यांचे कोपरे आधी झिजतात. नुसतं सोन्याचं पाणी दिलेलं असलं तर तिथं पितळ डोकावतं. एवढं सगळं झालं की मग भिंग लावायचं आणि मागचं झाकण उघडायचं. झाकणाच्या आत बारीक बारीक शिक्के असतात, कुणी घडवलं, सोनं किती कसाचं. आणि आकडे असतात. ते आकडे आणि आतल्या मशीनवरचे आकडे त्याच्या हिशेबात बसले की याचा चेहरा असा खुलायचा, म्हणायचा, “एका आईची लेकरं आहेत.” नाही बसले, म्हणजे मशीन एकाचं आणि झाकण दुसऱ्याचं कुणी जोडून दिलेलं असलं, की म्हणायचा, “हे सावत्र आहे.”

पण हे सगळं आमच्याशी. ज्याचं घड्याळ असेल त्याला कधी वाईट सांगायचा नाही. लोक यायचे बिचारे, आजोबांचं घड्याळ घेऊन, रुमालात गुंडाळून, मोठ्या आशेनं. “सोन्याचंच आहे ना हो?” सोन्याचं असलं तर हा सरळ हो म्हणायचा. नसलं तर म्हणायचा, “वेळ बरोबर दाखवतं.” बस. तेवढ्यावर काय ते समजून घ्यायचं. मग गल्लीत ती म्हणच पडली. कुणाचा जावई कसा आहे विचारलं आणि बरा नसला, की बायका म्हणायच्या, “वेळ बरोबर दाखवतो हो.”

त्या खणात एक घड्याळ होतं, बायकांचं, अंगठ्याच्या नखाएवढं. त्याच्यावर त्याचा सगळ्यात जास्त जीव. ते काही भारी नव्हतं, त्याच्यापेक्षा मोलाची किती तरी होती. पण त्याच्या कडेला चार खळगे होते, बारीक. मला एकदा भिंगातून दाखवले. म्हणाला, “सांग काय आहे?” मी म्हटलं, “पडलं असेल कुठंतरी.” म्हणाला, “पडल्यावर असं होत नाही. हे दात आहेत. वरचे दोन, खालचे दोन. कुणाच्या तरी बाळाला दात येत होते, आईनं कडेवर घेतलं होतं आणि त्यानं तिच्या मनगटाला चावा घेतला. सोनं मऊ असतं.” माझ्या मनात आलं, ती आई गेली असेल, ते बाळही म्हातारं होऊन गेलं असेल, आणि दात तेवढे राहिले. बाकीच्या घड्याळांवरही असंच काही ना काही होतं. एकाच्या पाठीवर कुणाच्या नावाची अक्षरं कोरलेली, एकावर बायकोनं नवऱ्याला लिहिलेलं काहीतरी, एकाची एकच बाजू झिजलेली, कारण मालक लिहिताना हात टेबलावर घासायचा. दादा ते वाचायचा. मला अक्षर ओळखता येत नाही, पण तो वाचून दाखवायचा ते मी ऐकायचे.

हे त्यानं मला सांगितलं. माऊला कधी सांगितलं नाही. का नाही, देव जाणे. लहानपणापासून तिला एवढंच ठाऊक की बाबांच्या खणाला हात लावायचा नाही. का लावायचा नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. बापलेकीत प्रेम होतं, बोलणं नव्हतं. ती लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडं गेली, पण संध्याकाळ झाली की आलीच. यायची, चहा करायची, त्याच्यासमोर बसायची. तो चावी देत बसायचा, ती बघत बसायची. बोलणं काय, तर, “साखर जास्त झाली का?” “नाही.” “उद्या काय करू?” “काहीही कर.” झालं. पण ती आली नाही तर त्याचा चहा तसाच राहायचा.

मग त्याचे डोळे गेले. एकदम नाही. आधी दुकानात मोठा दिवा आला, मग आणखी मोठा. मग झोळीत पडलेला स्क्रू सापडेना. मोतीबिंदू होता दोन्ही डोळ्यांत, आणि हा कुणाला सांगेना. घड्याळवाल्याचे डोळे गेले हे कळलं तर दुकानात कोण येणार? आम्हाला कळलं ते कसं, तर एका संध्याकाळी खण उघडून बसला होता, आणि माऊसमोर म्हणाला, “घड्याळं काळी पडली का माझे डोळे गेले, काही कळत नाही.”

हे वाक्य नीट लिही. पुढचं सगळं या वाक्यातून झालं.

तेव्हाच संग्रहालयाच्या साहेबांचं बोलणं चाललं होतं. शहरात मोठं संग्रहालय होतं, तिथलं भिंतीवरचं घड्याळ दादाच दुरुस्त करायचा. ते साहेब स्वतः जुन्या घड्याळांचे शौकीन. दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे, दोघं भिंग इकडून तिकडं देत तासन्‌तास. साहेबांनी खण बघितला होता, दादाचे डोळे धड असताना. ते म्हणाले होते, “हे सगळं आम्हाला द्या. काचेचं कपाट करतो. कुणी हात लावणार नाही, कुणी वितळवणार नाही. तुम्ही बसून एकेकाची माहिती सांगा, आम्ही लिहून लावतो.”

दादाला दुसरं काही नको होतं. त्याला एकच भीती होती आणि ती तो मला नेहमी बोलून दाखवायचा. “मी गेलो की हा खण सोनाराकडं जाणार बघ. सोनार मशीन उपटून बाहेर फेकणार आणि झाकणं मुशीत टाकणार. जुनी घड्याळं अशीच मरतात. मी किती तरी मशीनं बघितलीत, उघडीनागडी, डब्यात पडलेली.” त्यामुळे ते काचेचं कपाट म्हणजे त्याच्या जन्माचं सार्थक होतं. पण माहिती सांगायची तर दिसायला हवं. म्हणून तो ऑपरेशनला तयार झाला. नाहीतर डॉक्टरचं नाव काढलं की हा पांघरूण ओढून घ्यायचा.

तेव्हाचं डोळ्यांचं ऑपरेशन म्हणजे आत्तासारखं नाही, सकाळी गेलं आणि दुपारी घरी. डोळ्यांवर पट्ट्या बांधून दवाखान्यात निजवून ठेवायचे, मान हलवायची नाही, खोकायचं नाही. मी त्याच्याजवळ राहिले. चमच्यानं भरवलं, लहान मुलासारखं. तो पडल्या पडल्या म्हणायचा, “आधी ते दाताचं सांगीन साहेबांना. त्याच्यापासून सुरुवात करू.” माऊ डबा घेऊन यायची आणि नुसती हसत असायची. मी विचारलं, “काय गं, एवढं काय?” तर माझ्या कानात म्हणाली, “आत्या, बाबांना एक गंमत दाखवायची आहे. तुला पण आत्ता सांगत नाही.”

डोळे उघडले, चष्मा आला, आम्ही त्याला घरी आणलं. दारातच माऊ उभी. म्हणाली, “बाबा, डोळे मिटा.” तो म्हणाला, “अगं, आत्ताच उघडलेत की!” सगळे हसलो. जावईही होते. तिनं त्याला हात धरून आत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, “आता बघा.”

टेबलावर निळी मखमल अंथरली होती आणि तिच्यावर सगळी घड्याळं ओळीनं मांडली होती. चकाकत होती गं. आरशासारखी. खिडकीतलं ऊन त्यांच्यावरून उडून छताला लागत होतं. तबकड्यासुद्धा नव्या रंगवलेल्या, पांढऱ्याशुभ्र, काळेभोर आकडे.

माऊ बोलत सुटली, जन्मात बोलली नसेल इतकं. “बाबा, तुम्ही म्हणालात ना, काळी पडली? मी सगळी सोनाराकडून उजाळा देऊन आणली. आईची साखळी मी लग्नात उजळून घेतली होती, त्याच्याचकडून. चक्रावर धरून एकेक घासून दिली त्यानं, माझ्यासमोर. किती घाण बसली होती! आणि तबकड्यांचा माणूस पण त्यानंच शोधून दिला. आता द्या साहेबांना. कपाटात कशी दिसतील बघा.”

दादानं खिशातून भिंग काढलं, डोळ्याला लावलं. हात पुढे केला आणि बरोबर ते नखाएवढं उचललं. मी त्याच्या मागे उभी होते, मला त्याचा अंगठा दिसत होता. तो अंगठा त्या कडेवरून गेला, परत आला, परत गेला. गुळगुळीत. मग दुसरं उचललं, पाठ फिरवून बघितली. तिसरं उचललं.

मग त्यानं भिंग काढलं आणि म्हणाला, “छान झालीत. अगदी नवी झालीत.”

माऊला रडू फुटलं, आनंदानं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग डोळे मिटून खुर्चीला टेकला. जावई म्हणाले, “अशक्तपणा आहे, पडू दे त्यांना जरा.”

सगळे गेल्यावर मी त्याच्या खाटेशी बसले. भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी म्हटलं, “दादा, दात गेले का रे?” तो म्हणाला, “सगळंच गेलं. कोरलेली अक्षरं गेली. कडा गेल्या. चक्रावर धरलं की वरचं सोनं उडून जातं, आणि जे काय लिहिलेलं असतं ते त्या वरच्या सोन्यावरच असतं. तबकड्या मूळच्या होत्या, त्यांच्यावर हा आता रंग. साहेब बघायलासुद्धा घेणार नाहीत.” मग माझ्याकडं वळला. “माऊला कळता कामा नये. तुला माझी शपथ आहे.”

मी म्हटलं, “अरे पण...”

“पण नाही. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा त्या खणाला हात लावला, तो माझ्यासाठी लावला.”

दुसऱ्या दिवसापासून त्यानं घोषा लावला की मला काही घड्याळं द्यायची नाहीत, माझा विचार बदलला, घरातच राहू देत. साहेबांना निरोप धाडला की नको. माऊला काही उमगेना. एवढी वर्षं ज्याच्यासाठी झुरला, डोळे कापून घेतले, आणि आता नको? माझ्याकडं आली. “आत्या, बाबा असं का करतायत? माझ्या संसाराची काळजी करतायत का? मला ठेवतायत का ती? मला नकोत गं. त्यांचं नाव त्या कपाटावर लागू दे.” मी काय सांगणार? मी म्हटलं, “म्हातारा आहे, लहरी झालाय. तू नाद सोड.” पण ती कुणाची लेक? ती उठली आणि थेट संग्रहालयात गेली. साहेबांना म्हणाली, बाबा संकोचतायत, तुम्हीच या घरी. आणि घेऊन आली त्यांना.

मी तेव्हा तिथंच होते, दादाचा सदरा शिवत बसले होते. साहेब आत आले तसा दादा उभा राहिला, चेहरा असा की जणू पोलीस आलेत. साहेब हसत म्हणाले, “काय हो, दिसायला लागलं आणि आम्हाला विसरलात?” दादा म्हणाला, “नाही साहेब, आज नको, माझी तब्येत...” तोवर माऊनं खण काढून टेबलावर ठेवला होता, आणि आत चहा टाकायला गेली होती.

साहेबांनी एक उचललं. मग दुसरं. मग भिंग मागितलं. मग भिंग न लावताच तिसरं ठेवून दिलं. त्यांचा चेहरा उतरत गेला, जसं कुणाच्या घरी गेल्यावर आत प्रेत ठेवलेलं दिसावं. म्हणाले, “हे कुणी केलं?”

माऊ दारात आली होती, हातात चहाचा ट्रे. म्हणाली, “काय झालं?”

साहेब तिला म्हणाले, “ही घासलीत सगळी. बिघडवून टाकलीत. कुणा अडाण्यानं...”

“मी घासली,” दादा म्हणाला.

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. “तुम्ही?”

“हो. मीच दिली घासायला. म्हातारपणी चकाकीचा सोस सुटला. बघितलं तर काळी दिसत होती, म्हटलं, जरा उजळून घेऊ.”

“तुम्ही मला शिकवलंत, सोन्याला फडक्याशिवाय काही लावायचं नाही. तुम्ही! मला खरं वाटत नाही.”

“काय करणार. बुद्धी फिरली.”

साहेबांनी हातातलं भिंग टेबलावर ठेवलं. मग टोपी उचलली. दादा हात जोडून उभा, जसा चोर सापडावा तसा. साहेब जाता जाता थांबले आणि म्हणाले, “चालू आहेत ना सगळी? वेळ बरोबर दाखवतात.” आणि गेले. त्यांना वाईट वाटलं होतं म्हणून बोलले, मला कळतं. दादानं खुर्चीत बसून एकेक घड्याळ परत खणात ठेवायला घेतलं.

माऊ अजून ट्रे घेऊन दारातच. म्हणाली, “बाबा, तुम्ही खोटं का बोललात?”

तो म्हणाला, “चहा निवतोय, दे इकडं.”

मग ती माझ्यामागे लागली. “आत्या, काय काय गेलं ते सांग. एकेक सांग.” आता कळलंच होतं सगळं, शपथ तरी कशाची पाळायची? मी सांगितलं. दाताचंही सांगितलं. ती ऐकत राहिली, रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

दोन-चार दिवसांनी आली ती धावतपळत, डोळे लाल, पण चेहऱ्यावर आशा. ते नखाएवढं घड्याळ तिनं खणातून काढलं आणि दादासमोर धरलं. “बाबा, मी सोनाराकडं जाऊन आले. तो म्हणाला, कुठं काय होतं ते सांगा, मी तसंच्या तसं पाडून देतो. खळगे पाडणं काही अवघड नाही म्हणाला. तुम्ही फक्त दाखवा. वरचे दोन इथं होते ना? आणि खालचे इथं?”

दादानं घड्याळाला हात लावला नाही.

“सांगा ना, बाबा. अक्षरंसुद्धा कोरून देतो म्हणाला. तुम्हाला पाठ असतील.”

“राहू दे, माऊ.”

“राहू दे काय? सगळं परत करता येईल...”

“अगं, ते बाळ काही परत चावायला येणार नाही.”

त्यानं हळूच म्हटलं गं. रागानं नाही. पण तिनं ते घड्याळ खाली ठेवलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मला आजही तो बघवत नाही. ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जावयांच्या हाती भाजी पाठवायची, औषधं पाठवायची. स्वतः नाही. मी जाऊन भांडले, “बाप वाट बघतो तुझी!” तर म्हणाली, “आत्या, मी तिथं बसले की मला तो खण दिसतो. बाबा तिकडं बघत नाहीत, माझ्यासाठी मुद्दाम बघत नाहीत, तेही मला दिसतं. चावी देणं पण सोडलंय त्यांनी. मी कशी जाऊ?”

आणि इकडं साहेबांनी कुणाला सांगितलं की अशीच बातमी फुटली, पण घड्याळवाल्यांच्या कानी गेलं की भिंगोबानं स्वतःची घड्याळं चक्रावर धरली. त्यांच्यात त्याच्याइतकं मोठं पाप नाही. जे लोक लांबून लांबून याच्याकडं ओळखून घ्यायला यायचे, ते यायचे थांबले. दुकानात बसायचा, गजराची घड्याळं दुरुस्त करायचा. मला एकदा म्हणाला, “आता किती स्वच्छ दिसतं गं. आधीच बरं होतं.”

असे काही महिने गेले. एक दिवस मी दुपारी त्याला जेवण घेऊन दुकानात गेले, तर हा झोळी खोचून बसलेला आणि समोर खण. घरून उचलून आणला होता. एकेक घड्याळ उघडायचं, मशीन बाहेर काढायचं, ते एका पत्र्याच्या डब्यात, आणि सोन्याचं झाकण दुसरीकडं. काही मशीनं चालू होती. बिनझाकणाची, डब्यात पडून टिकटिकत होती.

“दादा, काय करतोस हे?”

“सोनाराकडं न्यायचंय.”

मी त्याचा हात धरला. “वेडा झालास का? याच्याचसाठी आयुष्यभर भ्यायलास ना? आणि स्वतःच्या हातानं?”

त्यानं माझा हात सोडवला. “हा खण आहे तोवर पोर घरात यायची नाही. तिला काहीतरी करून देतो यातून. अंगावर घालील. मग खण नाही, काही नाही. येईल.”

“अरे, वितळवू तरी नकोस, दुसऱ्या कुणाला देऊन टाक.”

“कुणाला देऊ? आणि दिली तर तिला वाटत राहील की कुठंतरी आहेत, घासलेली. नाहीतच म्हटलं की संपलं.”

मी रडले, शिव्या दिल्या, जेवण तसंच ठेवून निघून आले. काही उपयोग नाही. त्याच सोनाराकडं गेला. सोनार तरी काय करणार, त्याला उजळ म्हटलं तेव्हा त्यानं उजळलं, वितळव म्हटलं तेव्हा वितळवलं. दादा तिथं उभा राहून बघत होता म्हणे, शेवटपर्यंत. सोनारानं स्टूल दिलं तर बसला नाही.

बांगड्या केल्या. साध्या, गोल, नक्षी नाही. त्या घेऊन तो आणि मी माऊकडं गेलो. त्यानं कोट घातला होता, केस विंचरले होते, पाहुणा निघाल्यासारखा. तिच्यापुढं पुडी धरली. म्हणाला, “घे. तुझ्यासाठी.”

तिनं उघडली. बांगड्या बाहेर काढल्या आणि तळहातावर ठेवल्या. डोळे मिटले आणि तोलल्या. अगदी त्याच्यासारख्या. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं, समोर बसून बसून आलं असेल. मग म्हणाली, “बाबा, सगळी?”

“सगळी. खण रिकामा केला. आता ये तू.”

मला वाटलं ओरडेल, फेकून देईल. तिनं काही केलं नाही. त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि एकेक करून हातात चढवल्या. दोन्ही हातांत. त्याला वाटलं, झालं, मिटलं. चष्मा काढून पुसायला लागला.

ती आली, नाही असं नाही. येऊ लागली परत. पण दारातल्या बाकावर बसायची, आतल्या खोलीत पाऊल टाकायची नाही. चहा करायची नाही, मीच करायचे. तो आतून हाक मारायचा, “माऊ, ये की आत,” ती म्हणायची, “इथं वारा आहे, बाबा.” तो आत, ती बाहेर. असं करत करतच तो गेला. फार वर्षं काढली नाहीत त्यानं त्यानंतर. मशीनांचा डबा त्याच्या खाटेखाली सापडला. एकही चालू नव्हतं.

आता माऊ म्हातारी झाली. हात सुजतात तिचे, सांधे धरलेत. गेल्या खेपेला मी गेले तर मनगटाला बांगड्या रुतलेल्या, कातडी लाल झालेली. मी म्हटलं, “अगं, काढ त्या आता, किती छळ करून घेशील?” म्हणाली, “निघत नाहीत, आत्या. साबण लावला, तेल लावलं.”

मी म्हटलं, “मग कापून घे. कापायला काय वेळ लागतो?”

तिनं पदरानं हात झाकला. म्हणाली, “कापायला सोनाराकडंच जावं लागेल ना.”